दुसऱ्याच्या माळ्यावरचे सामान

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

टीव्हीवरचा एखादा कार्यक्रम वेळेवर बघायला जमले नाही, तर "राहू दे, रेकॉर्ड करून ठेव, नंतर बघू" असे आपण सहज म्हणतो. पूर्वी त्यासाठी व्हिडिओ कॅसेट आणावी लागे, तिच्यावर नाव लिहावे लागे, कपाटात जागा करावी लागे. आता एक बटण दाबले की काम झाले. कार्यक्रम कुठे गेला, कोणाच्या ताब्यात गेला आणि किती दिवस राहणार, हे विचारायचे आपल्याला सुचतही नाही. ते सुचते एके दिवशी "तुमची साठवणुकीची जागा कमी करण्यात येत आहे" असा संदेश येतो तेव्हा.

ग्राहक मार्गदर्शनाच्या कामासाठी मी पेण आणि रोहा या दोन्ही गावांत बरीच वर्षे जातो आहे. पूर्वी तक्रारी असत वजनमापाच्या, गॅस सिलिंडरच्या, वाढीव वीजबिलाच्या. आता त्यांच्या जोडीला ही नवी तक्रार येऊन बसली आहे: "आमचे रेकॉर्डिंग गेले हो!" ऐकणाऱ्याला वाटते, एक मालिका बुडाली तर एवढे काय? पण समोर बसलेल्या माणसाचे बोलणे नीट ऐकले की कळते, गेले ते काहीतरी वेगळेच आहे.

रोह्यातल्या एका वयस्कर बाईंचे उदाहरण सांगतो. त्यांच्या यजमानांच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम एका वाहिनीवर झाला होता. घरच्यांनी तो सेटटॉप बॉक्सवर रेकॉर्ड करून ठेवला. यजमान गेले. बाई अधूनमधून तो अर्धा तास लावून बसत. पुढे बॉक्स बिघडला आणि कंपनीच्या माणसाने रीतीप्रमाणे जुना नेला, नवा बसवला. नवा बॉक्स उत्तम चालतो. त्यात भजन तेवढे नाही. पेणच्या एका कुटुंबाची गोष्ट थोडी वेगळी. घरच्या सूनबाई पाककृतीच्या कार्यक्रमात झळकल्या होत्या. तो भाग फोनवर चित्रित करून त्यांनी क्लाऊडवर, म्हणजे कंपनीच्या दूरच्या संगणकावर, चढवून ठेवला होता. वर्गणी नियमित भरत होते. एके दिवशी संदेश आला, की योजनेतली जागा कमी होत आहे, जादा सामान अमुक तारखेपर्यंत काढून घ्या. इंग्रजीतला तो संदेश जाहिरात समजून कोणी वाचलाच नाही.

पेणला तर याला धंद्याचीही बाजू आहे. २०१४ मध्ये 'जय मल्हार' ही मालिका सुरू झाली आणि त्या रूपातल्या गणेशमूर्तींना मोठी मागणी आली. गिऱ्हाईक म्हणते, "अगदी मालिकेतल्यासारखाच हवा." मग पागोट्याची ठेवण, दागिन्यांची घडण, हाताची ढब, हे सारे भाग थांबवून थांबवून पाहावे लागते. मूर्तिकाराच्या दृष्टीने ते रेकॉर्डिंग म्हणजे कारखान्यातले एक हत्यारच.

तेव्हा प्रश्न करमणुकीचा आहे असे समजून तो बाजूला सारू नये. आपण एखादी वस्तू आपली म्हणून ठेवली आणि ती आपली नव्हतीच, असे निघाले, तर माणूस चिडतो. ही चीड रास्त आहे का आणि तिचा उपयोग काय करता येईल, ते पाहू.

रेकॉर्डिंग राहते कुठे?

टीव्हीचा कार्यक्रम ठेवण्याचे सध्या तीन मार्ग आहेत आणि तिन्हींची किल्ली वेगवेगळ्या हातांत आहे.

पहिला मार्ग सेटटॉप बॉक्सचा. काही बॉक्सच्या पोटात हार्ड डिस्क असते, काहींना बाहेरून पेनड्राइव्ह जोडता येतो. वस्तू आपल्या घरात असते, म्हणून वाटते की रेकॉर्डिंगही आपले. पण बहुतेक बॉक्स हे रेकॉर्डिंग कुलूपबंद स्वरूपात ठेवतात. ते त्याच बॉक्सवर, चालू वर्गणीवरच उघडते. तोच पेनड्राइव्ह संगणकाला लावला तर काही दिसत नाही. तिजोरी आपल्या घरात, किल्ली कंपनीच्या कमरेला, असा हा प्रकार आहे.

दुसरा मार्ग मोबाइलवरच्या टीव्ही ॲपचा. त्यात हुकलेला कार्यक्रम काही दिवस मागे जाऊन पाहता येतो. सात दिवसांची सोय अनेकांच्या परिचयाची आहे. इथे आपण काही ठेवलेलेच नसते. कंपनीने फळ्यावर लिहिलेले असते, ते पुसले जाण्याआधी वाचायचे, इतकेच.

तिसरा मार्ग क्लाऊडचा. या शब्दाने फार घोटाळा केला आहे. क्लाऊड म्हणजे ढग. पण आपल्या फायली काही आभाळात तरंगत नाहीत. त्या डेटा सेंटर नावाच्या इमारतींत, हजारो संगणकांच्या रांगांमध्ये असतात. असे एक मोठे केंद्र आपल्याच रायगड जिल्ह्यात, पनवेलला, २०२० साली योट्टा या कंपनीने सुरू केले. या संगणकांना रात्रंदिवस वीज लागते, ते तापू नयेत म्हणून गारवा लागतो, पहारा लागतो. त्यातली डिस्क कधी ना कधी बिघडणार हे गृहीत धरून एका फायलीच्या दोनतीन प्रती ठेवाव्या लागतात. म्हणजे आपण ठेवलेल्या अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाचे भाडे कंपनीला रोज मोजावे लागते, आपण तो बघितला तरी आणि न बघितला तरी.

जागा कमी का होते?

थोडा हिशेब करू. साध्या प्रतीचे चित्र सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने येत असेल, तर तासाला सुमारे ९०० एमबी जागा लागते. एचडी चित्र ८ मेगाबिटने येत असेल, तर तासाला ३.६ जीबी. आता आठवड्याचे सहा दिवस रोज अर्धा तास चालणारी एक मालिका घ्या. आठवड्याला तीन तास, म्हणजे जवळजवळ ११ जीबी. वर्षाला साडेपाचशे जीबीहून अधिक. ही झाली एका घरातली एक मालिका. गूगलच्या खात्यात फुकट मिळणारी जागा १५ जीबी. त्यात ही मालिका दीड आठवडाही मावणार नाही.

मग कंपन्या सुरुवातीला "हवे तेवढे ठेवा" असे का म्हणतात? गिऱ्हाईक यावे म्हणून. नव्या दुकानात पहिल्या दिवशी पेढे वाटतात, तसेच हे. लोक येतात, सामान आणून ठेवतात, आणि एकदा सामान ठेवले की दुसरीकडे जाणे जिवावर येते. मग भाड्याचा विषय निघतो.

हे जगभर घडले आहे. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१५ मध्ये आपल्या वनड्राइव्हवरची अमर्याद जागा काढून घेतली आणि फुकट जागा १५ जीबीवरून ५ जीबीवर आणण्याचे जाहीर केले. छायाचित्रांच्या फ्लिकर या सेवेने १ टीबी, म्हणजे हजार जीबी, फुकट दिले होते. २०१८ च्या नोव्हेंबरात तिने मर्यादा केली एक हजार छायाचित्रांची. गूगल फोटोजची फुकट अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली आणि नवे फोटो त्याच १५ जीबीत मोजले जाऊ लागले. २०२४ मध्ये अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच जागेत धरला जाऊ लागला. म्हणजे भांडे तेवढेच राहिले, त्यात मापे मात्र जास्त पडू लागली.

टीव्हीच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे, ती मालकीहक्काची. अमेरिकेत घरी कार्यक्रम रेकॉर्ड करून नंतर पाहणे कायदेशीर आहे, असा निर्णय तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सोनीच्या व्हिडिओ रेकॉर्डरच्या खटल्यात १९८४ साली दिला. पुढे केबलव्हिजन या कंपनीने हेच रेकॉर्डिंग स्वतःच्या केंद्रातल्या संगणकांवर ठेवायला घेतले, तेव्हा पुन्हा खटला झाला. २००८ साली अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. त्या कंपनीच्या पद्धतीत प्रत्येक ग्राहकाची प्रत वेगळी होती, याला निकालात महत्त्व होते. याचा व्यवहारात अर्थ असा, की एकच सामना हजार जणांनी ठेवला, तर तो हजार वेळा साठवायचा. खर्च किती वाढत असेल याची कल्पना करा.

आपल्या अनेक घरांतली मुले आज अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडे यूट्यूब टीव्ही नावाची पैसे भरून घ्यायची सेवा आहे. तिच्यात रेकॉर्डिंगला जागेची मर्यादा नाही, पण प्रत्येक रेकॉर्डिंग नऊ महिनेच राहते. शिवाय ३० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री डिस्ने कंपनीशी पैशांवरून बोलणी फिसकटली आणि डिस्नेच्या वाहिन्या या सेवेवरून गेल्या. त्यांच्याबरोबर लोकांनी आधी करून ठेवलेली त्या वाहिन्यांची रेकॉर्डिंगही दिसेनाशी झाली. १४ नोव्हेंबरला समझोता झाला तेव्हा वाहिन्या परत आल्या. ग्राहकांची भरपाई म्हणून वीस डॉलरची सूट देण्यात आली. भांडण दोन कंपन्यांचे, आणि कुलूप लागले तिसऱ्याच्याच सामानाला!

मग घरातच ठेवावे का?

यावर कोणी म्हणेल, आमच्या जुन्या कॅसेटी बऱ्या होत्या. पण कोकणातल्या माणसाने हे फार छातीठोकपणे म्हणू नये. पावसाळ्यात आपल्याकडे कॅसेटच्या फितीवर बुरशी धरते. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीने नागोठण्यात केलेला कहर जुन्या माणसांना आठवत असेल. २००५ च्या जुलैतला पूर आणि ३ जून २०२० चे निसर्ग वादळ तर सर्वांनीच पाहिले. अशा वेळी घरातले कपाट हीच सर्वांत धोक्याची जागा ठरते. लग्नाच्या कॅसेटी चिखलातून काढून उन्हात वाळवणारी माणसे मी पाहिली आहेत. वाळवून त्या पुन्हा लागल्या नाहीत.

मोठमोठ्या संस्थांचीही यातून सुटका झालेली नाही. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, त्या वेळी पृथ्वीवर आलेल्या मूळ संकेतांच्या फिती नासाने पुढे पुसून दुसऱ्या कामाला वापरल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाच्याच शोधातून २००९ मध्ये निघाला. फितींचा तुटवडा होता, म्हणून पुसल्या. त्या अवतरणाची चित्रे आज आपण पाहतो, ती दुसरीकडे प्रती राहिल्या होत्या म्हणून. उलट, जपून ठेवलेले 'रामायण' २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीच्या दिवसांत, दूरदर्शनवरून पुन्हा घरोघर पोहोचले. जे कोणी तरी जबाबदारीने ठेवले तेच परत मिळाले, हा या दोन्ही गोष्टींचा धडा आहे.

कायदा काय म्हणतो?

पहिली शंका अनेकांना असते: टीव्हीवरचे रेकॉर्ड करणे हाच गुन्हा तर नाही? नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या, म्हणजे १९५७ च्या अधिनियमाच्या, कलम ३९ मध्ये स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रसारणाचे रेकॉर्डिंग करण्याला सूट आहे. मात्र तेच रेकॉर्डिंग उत्सवात पडद्यावर लावले किंवा विकले, तर ते खासगी राहत नाही.

दुसरा प्रश्न जागा कमी करण्याचा. इथे फुकट आणि विकत यांत मोठा फरक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'सेवा' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यातून मोफत दिलेली सेवा वगळली आहे. त्यामुळे फुकट मिळालेली जागा कमी झाली, तर चीड कितीही आली तरी ग्राहक आयोगात बाजू लंगडी पडते. पण आपण वर्गणी भरली असेल, त्या काळासाठी ठरावीक जागा कबूल केली असेल आणि मुदत संपण्याआधीच ती कमी केली असेल, तर सेवेतील त्रुटीची तक्रार करता येते. याच कायद्यात 'अनुचित करार' ही नवी कल्पना आली आहे. योग्य कारण नसताना एकाच बाजूला करार मोडण्याची मुभा देणारे कलम त्यात बसू शकते. तशी खास तक्रार मात्र जिल्हा आयोगाकडे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते.

साध्या त्रुटीच्या तक्रारीसाठी रायगडकरांना अलिबागला जिल्हा आयोग आहे. कंपनीचे कार्यालय कुठेही असो, तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, ही २०१९ च्या कायद्याने दिलेली मोठी सोय आहे. रोह्याच्या माणसाला त्यासाठी गुरगावला जायला नको. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार झाली पाहिजे. त्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. पुरावा म्हणून योजना घेतली त्या दिवशीची जाहिरात, पावती आणि जागा कमी केल्याचा संदेश, या तिन्हींचे फोटो काढून ठेवावेत. कंपनी आपले पान बदलते. आपल्याकडचा फोटो बदलत नाही.

"अहो, एवढ्या मोठ्या कंपनीपुढे आमचे काय चालणार?" हे वाक्य मी दर महिन्याला ऐकतो. वर सांगितलेल्या वनड्राइव्हचेच पुढे काय झाले ते सांगतो. जागा कमी करण्याच्या घोषणेवर ग्राहकांनी एवढा ओरडा केला, की महिनाभरातच, डिसेंबर २०१५ मध्ये, मायक्रोसॉफ्टने दिलगिरी व्यक्त केली. ज्या जुन्या ग्राहकांनी जानेवारीअखेर मागणी नोंदवली, त्यांची १५ जीबी जागा कायम ठेवली. यातली खोच लक्षात घ्या. ज्यांनी तक्रार केली आणि मुदतीत अर्ज केला त्यांना मिळाले. घरी बसून चरफडणाऱ्यांची जागा गेलीच.

आपल्या हातात काय आहे?

सगळेच जपायचा हव्यास सोडावा. आपण ठेवलेल्या मालिका शंभरातल्या नव्वद वेळा पुन्हा पाहत नाही. पण घरातले माणूस ज्यात दिसते, बोलते, गाते, असे पाचदहा कार्यक्रम असतात. ते कोठेही विकत मिळणार नाहीत. तेवढे वेगळे काढावेत.

अशा कार्यक्रमाच्या तीन प्रती असाव्यात. दोन वेगवेगळ्या साधनांवर, म्हणजे एक हार्ड डिस्कवर आणि एक क्लाऊडवर. तिसरी दुसऱ्या गावात. घर रोह्यात असेल तर पेणच्या बहिणीकडे एक पेनड्राइव्ह देऊन ठेवावा, तिचा आपण आणावा. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत म्हणा, तो लावून पाहावा. पेनड्राइव्ह आणि डिस्क यांनाही आयुष्य असते. दर काही वर्षांनी सामान नव्या साधनावर हलवावेच लागते.

कुलूपबंद बॉक्समधले रेकॉर्डिंग बाहेर निघत नसेल, तर बॉक्स चालू आहे तोवर कार्यक्रमाच्या निर्मात्याकडे किंवा वाहिनीकडे प्रत मागावी. पत्रात तारीख, वेळ आणि कार्यक्रमाचे नाव द्यावे. कार्यक्रमात भाग घेतलेल्यांनी तर चित्रीकरणाच्या दिवशीच प्रत मागून ठेवावी. बॉक्स बदलायला माणूस आला, की "यातल्या रेकॉर्डिंगचे काय होणार?" हा प्रश्न आधी विचारावा आणि मगच वायर काढू द्यावी.

जागा कमी होत असल्याचा संदेश आला, तर शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. सेकंदाला १० मेगाबिटचे इंटरनेट असेल, तर ५०० जीबी उतरवायला अखंड साडेचार दिवसांहून अधिक लागतात. आणि आपल्याकडे वीज आणि इंटरनेट अखंड असते, असे कोणी म्हणणार नाही. म्हणून आधी ते पाचदहा कार्यक्रम उतरवावेत, मालिका मागून.

शेवटची गोष्ट जरा नाजूक आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनचा आणि खात्याचा पासवर्ड एका विश्वासाच्या माणसाला ठाऊक असावा. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती त्यांतल्या सामानासह काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केले आहे. माणूस गेल्यावर त्याचे खाते कोण उघडणार? आणि नेमके त्याच खात्यात त्याचे हसणे-बोलणे साठवलेले असते.

दुसऱ्याच्या माळ्यावर सामान ठेवायला हरकत नाही. आपल्या घरात जागा कमी, त्याच्याकडे जास्त, आणि तो भाडेही वाजवी घेतो. फक्त माळा त्याचा आहे हे विसरू नये, भाड्याची पावती जपावी, आणि देव्हाऱ्यातली मूर्ती तेवढी तिथे ठेवू नये.